पुतळ्यावरचा गोळीबार

जीटा नावाच्या सूर्यमालेत, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळ एक अंतराळस्थानक आहे. 'ईव्ह ऑनलाइन' खेळणाऱ्यांची ही मुख्य बाजारपेठ. जहाजं, दारूगोळा, खनिजं, सगळं इथे खपतं आणि फसवाफसवीही इथेच जोरात चालते. जून २०११च्या शेवटच्या आठवड्यात मात्र इथे भलतंच काही सुरू होतं. जहाजांचे थवेच्या थवे स्थानकाबाहेरच्या एका स्मारकाभोवती घिरट्या घालत होते आणि लेझर, तोफा, क्षेपणास्त्रं, हाताशी असेल ते त्याच्यावर सोडत होते. स्मारक तुटणार नाही हे प्रत्येकाला ठाऊक होतं. खेळाच्या नियमांनुसार ते अभेद्य होतं. तरी गोळीबार थांबेना.

निमित्त होतं एका चष्म्याचं. 'ईव्ह' बनवणारी सीसीपी ही कंपनी आइसलँडची, रेक्याविकमधली. १९९७ साली स्थापन झालेली, आणि खेळ आला २००३मध्ये. २१ जून २०११ला तिने 'इन्कार्ना' नावाची मोठी सुधारणा आणली. तोवर खेळाडू म्हणजे फक्त त्याचं जहाज. आता त्याला माणसाचं शरीर मिळालं आणि स्थानकात एक खोली मिळाली. खोलीला दार होतं, पण ते उघडत नव्हतं, कारण पलीकडे काही बनवलेलंच नव्हतं. त्या एका खोलीच्या चित्रणाने अनेकांची ग्राफिक कार्डं तापायला लागली. सोबत कपड्यालत्त्याचं एक दुकान उघडलं, त्यात एका डोळ्याला लावायचं भिंग होतं, किंमत खऱ्या पैशांत साठ डॉलरच्या वर. त्या वेळच्या भावाने पावणेतीन हजार रुपये! महिन्याला पंधरा डॉलर वर्गणी भरणाऱ्या खेळाडूला हे झोंबलं. कंपनीच्या एका अधिकाऱ्याने खुलासा केला तो असा, की हजार डॉलरची जीन्स विकत घेणारेही लोक असतात. असा खुलासा करण्यापेक्षा गप्प बसलेलं परवडलं असतं.

मग कागद फुटले. आधी कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र, ज्यात खेळातल्या वस्तू पैशाने विकण्याची खुली चर्चा होती. मग मुख्य कार्यकारी अधिकारी हिल्मर वेगर पेटुर्सन यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र; पहिल्या चाळीस तासांत ५२ भिंगं खपल्याचं त्यात कौतुक होतं. खेळाडू काय बोलतात यापेक्षा काय करतात ते बघा, असा त्या पत्राचा मथितार्थ. बाहेर ते उर्मट वाटलं, आणि होतंही. पण मला ते गेमिंगच्या धंद्यातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं, कारण कंपनीच्या कानावर नेमकं काय पडतं हे त्यात मालकानेच सांगून टाकलं होतं. खेळाडूंनी ते अक्षरशः मनावर घेतलं. एकीकडे जीटात पुतळ्यावर गोळ्या, दुसरीकडे वर्गणी रद्द. गोळीबाराची छायाचित्रं जगभर गेली, पण खरी धास्ती बसली ती रद्द होणाऱ्या खात्यांची.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही ऑनलाइन खेळात घडू शकते. 'ईव्ह'मध्ये पुढे जे घडलं ते घडू शकलं, कारण तीन वर्षं आधी एक सोय करून ठेवलेली होती.

ती सोयही एका लफड्यातूनच आलेली. २००७च्या सुरुवातीला सीसीपीच्या एका कर्मचाऱ्याने आपण खेळत असलेल्या बलाढ्य टोळीला मौल्यवान आराखडे परस्पर दिल्याचं उघड झालं. खेळवणाराच एका बाजूने खेळतो म्हटल्यावर विश्वास उडाला. कंपनीने अंतर्गत चौकशी विभाग नेमला आणि २००८मध्ये खेळाडूंचं निवडून आलेलं एक मंडळ स्थापन केलं: काउन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, थोडक्यात सीएसएम. सुरुवातीला नऊ जण. वर्गणी भरणाऱ्याला मत. निवडून आलेल्यांना कंपनी स्वखर्चाने रेक्याविकला नेणार, विकसकांबरोबर बैठकीला बसवणार आणि बैठकीचं इतिवृत्त सर्वांसाठी प्रसिद्ध करणार. सन ९३०पासून आल्थिंग नावाची संसद भरवणाऱ्या देशातल्या कंपनीला हे सुचावं यात नवल नाही. आणि हेही खरं की मंडळ स्थापन झालं त्याच वर्षी आइसलँडच्या बँका बुडाल्या आणि जानेवारी २००९मध्ये त्याच शहरातले लोक संसदेबाहेर पातेली बडवत उभे होते.

मंडळाच्या सदस्यांना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, आणि इथेच खरी गोम आहे. सही केली की कंपनी तुम्हाला पुढच्या वर्षीचं काम दाखवते. पण जे पाहिलं ते मतदारांना सांगता येत नाही. त्यामुळे दर निवडणुकीत एकच आरोप ऐकू येतो: तिकडे गेले आणि त्यांचेच झाले. आरोप नेहमीच खोटा नसतो. शिवाय मतांचं गणित मोठ्या टोळ्यांना सोयीचं. हजारो सदस्यांना एका उमेदवारामागे उभं करणं त्यांना सहज जमतं, एकट्यादुकट्याने खेळणाऱ्याला नाही. २०१३पासून पसंतीक्रमाची मतपद्धत आणली, म्हणजे वाया जाणारं मत पुढच्या पसंतीकडे वळतं. तरी टोळ्यांचं वजन राहिलंच. २०१२मध्ये मंडळाच्या अध्यक्षानेच कंपनीच्या मेळाव्यात व्यासपीठावरून एका निराश खेळाडूची क्रूर थट्टा केली आणि त्याला पद सोडावं लागलं. आणि एप्रिल २०१९मध्ये कंपनीने गोपनीयताभंगाचा ठपका ठेवून एका सदस्याला काढलं, नंतर चौकशीत तो निर्दोष ठरला आणि कंपनीला माफी मागावी लागली. हा सदस्य प्रत्यक्ष आयुष्यात अमेरिकेत लॉबिंगचा व्यवसाय करणारा. कुणाचं म्हणणं कुठल्या दारातून आत न्यायचं हे त्याला शिकवायला नको होतं.

एवढे दोष सांगूनही २०११मध्ये हे मंडळ नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करावा. ३० जून आणि १ जुलैला सीसीपीने प्रतिनिधींना तातडीने रेक्याविकला बोलावलं. एवढ्या संतापलेल्या हजारो लोकांशी कंपनी बोलणार कशी? पण खुर्चीत बसलेल्या मोजक्या माणसांशी बोलता येतं, आणि त्या माणसांनी बाहेर येऊन सांगितलेलं लोक ऐकतात. पैसे टाकून लढाईत वरचढ होता येईल असं काही विकण्याचा बेत नाही, हे कंपनीने मंडळासमोर आणि मग संयुक्त निवेदनातून कबूल केलं. गोळीबार ओसरला.

पण वर्गणी परत आली नाही. म्हणजे मागणी फक्त चष्म्याची नव्हतीच. खेळाडूंचं जुनं गाऱ्हाणं असं होतं की कंपनी चकचकीत नवं आणते आणि जुनं मोडकं तसंच ठेवते. तोफांचा एक अख्खा प्रकार वर्षानुवर्षं कुचकामी, मोठ्या लढाईत सर्व्हर गळपटायचा, पडदा गोठायचा, आणि तो परत हलेपर्यंत जहाज गेलेलं असायचं. मंडळाने या यादीचा पाठपुरावा आधीपासून चालवला होता. इतिवृत्तांमध्ये ती सापडते. ऑक्टोबर २०११मध्ये पेटुर्सन यांनी खेळाडूंना उघडं माफीपत्र लिहिलं. त्याच महिन्यात कंपनीने २० टक्के कर्मचारी कमी केले, ही त्या विजयाची दुसरी बाजू, आणि ती विजयाच्या कथांमध्ये सहसा येत नाही. नोव्हेंबरअखेर 'क्रुसिबल' नावाची सुधारणा आली. तिच्यात त्या तोफांची दुरुस्ती होती, नवी जहाजं होती आणि बारीकसारीक दुरुस्त्यांची लांबलचक यादी होती. उघडत नसलेल्या दाराचा प्रकल्प बाजूला पडला.

सर्व्हरचं दुखणं कसं सुटलं ते बघण्यासारखं आहे. हजारो जहाजं एका ठिकाणी आली की सर्व्हरला हिशेब झेपत नाही. हुकूम रांगेत अडकतात, कुणाचे आधी लागतात, कुणाचे लागतच नाहीत. अभियंत्यांनी युक्ती काढली ती काळच मंद करण्याची. भार वाढला की त्या सूर्यमालेतलं घड्याळ हळू चालतं, गरज पडली तर दहा टक्के वेगापर्यंत. तासाभराची लढाई दिवसभर चालते, पण प्रत्येकाचा हुकूम रांगेत आपल्या जागी राहतो. हे तपासायला कंपनीने चाचणीच्या सर्व्हरवर खेळाडूंना गोळा केलं आणि खेळाडू येऊन मुद्दाम गर्दी करत. तक्रार करणाराच प्रयोगाला हजर! असं भाग्य फारच थोड्या कंपन्यांना लाभतं.

एखादी गोष्ट रद्द करून घेणं आणि एखादी गोष्ट करून घेणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. रद्द करायला गोंगाट पुरतो. करून घ्यायला यादी लागते, ती यादी घेऊन आत बसणारा माणूस लागतो आणि वेळ लागतो.

रद्द करून घेण्याचं ताजं उदाहरण 'हेलडायव्हर्स २'चं. स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेडने बनवलेला, सोनीने प्रकाशित केलेला हा खेळ फेब्रुवारी २०२४मध्ये आला आणि तुफान चालला. ३ मे रोजी सोनीने जाहीर केलं की संगणकावर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशनचं खातं जोडणं सक्तीचं होणार. अडचण अशी की अनेक देशांत ते खातं अधिकृतपणे काढताच येत नव्हतं, आणि तिथे खेळ मात्र विकला गेला होता. दोन-तीन दिवसांत स्टीम या दुकानावर दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय पडले, लोक पैसे परत मागू लागले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. सगळं एका शनिवार-रविवारच्या आसपास आटोपलं. अभिप्राय चालले कारण ते मुद्द्याला धरून होते. स्टीमने २०१९पासून खेळाशी संबंध नसलेल्या अभिप्रायांची लाट गुणांकनातून वगळायला सुरुवात केली आहे, तेव्हा नुसता राग ओतला तर तो मोजलाच जात नाही.

आणि जिथे कंपनीला अभिप्रायांची गरजच नाही? 'टीम फोर्ट्रेस २' हा व्हॉल्व्हचा २००७चा खेळ, पुढे फुकट झालेला. वर्षानुवर्षं त्यात आपोआप नेम धरणाऱ्या बॉटांचा सुळसुळाट होता. मे २०२२मध्ये खेळाडूंनी शांततेत मोहीम काढली, व्हॉल्व्हने ऐकतोय असं सांगितलं, आणि मग जवळजवळ काही नाही. जून २०२४मध्ये पुन्हा मोहीम, तीन लाखांहून अधिक सह्या, आणि तेव्हा कुठे बॉटांची मोठी हकालपट्टी झाली. वर्गणी नाही म्हणून रद्द करायलाही काही नाही; निवडून दिलेलं कुणी नाही. उरला तो नुसता चिवटपणा.

केंब्रिजच्या जेगेक्सने वेगळी वाट धरली. 'रूनस्केप'मध्ये २०१२च्या नोव्हेंबरात लढण्याची पद्धतच बदलली आणि जुने खेळाडू निघून गेले. फेब्रुवारी २०१३मध्ये कंपनीने विचारलं: आमच्याकडे ऑगस्ट २००७ची प्रत जपलेली आहे, ती पुन्हा सुरू करू का? जवळपास साडेचार लाख मतं पडली, आणि त्याच महिन्यात 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू झाला. त्यानंतर नवं काही आणायचं तर खेळाडूंचं मत घ्यायचं आणि ७५ टक्क्यांचा कौल मिळाला तरच आणायचं, असा दंडक घातला गेला. २०२२मध्ये तो ७० टक्क्यांवर आणला. ऐकायला आदर्श वाटतं. प्रत्यक्षात एकमेकांवर तुटून पडणाऱ्या खेळाडूंसाठी काही सुचवलं की शांतपणे लाकूड तोडणारे बहुसंख्य ते पाडत, कारण त्यांना त्यात रस नसे, कधी रागही असे. अल्पसंख्याकांचं गाऱ्हाणं मतपेटीतून सुटत नाही हे जेगेक्सला उमगायला काही वर्षं गेली आणि अशा काही बदलांसाठी मतदानाची अट सैल करावी लागली.

गोंगाट नाही, मतदान नाही, असा तिसरा मार्ग एका एकट्या माणसाने दाखवला. 'जीटीए ऑनलाइन' २०१३मध्ये आला तेव्हापासून सुरू व्हायला फार वेळ घेई, आणि सात वर्षं लोक कुरकुरत होते. फेब्रुवारी २०२१च्या अखेरीस टोस्ट या टोपणनावाच्या प्रोग्रामरने खेळ सुरू होताना संगणक नेमकं काय करतो ते तपासलं. त्याच्या संगणकावर सहा मिनिटं लागत. दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची दहा मेगाबाइटची यादी खेळ वाचत होता, आणि प्रत्येक तुकडा वाचताना उरलेल्या यादीची लांबी पुन्हा मोजत होता. किराणा दुकानदाराने साखर लिहिली, यादी शेवटपर्यंत मोजली, तूरडाळ लिहिली, पुन्हा शेवटपर्यंत मोजली, असं. भरीला, प्रत्येक वस्तू आधी आली होती का हे पाहायला आतापर्यंतच्या सगळ्या वस्तू चाळत होता. टोस्टने दोन्ही गोष्टी दुरुस्त करणारा छोटासा तुकडा लिहिला, वेळ एक मिनिट पन्नास सेकंदांवर आला, आणि त्याने कारण, पुरावा, उपाय सगळं जाहीर केलं. खेळ बनवणाऱ्या रॉकस्टारने ते मान्य केलं, १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं आणि मार्चच्या मध्यावर दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचवली. सात वर्षांची कुरकुर एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला नेमकं दुखणं दाखवणारं एक टिपण.

सगळ्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही. पण टिपण लिहिता येतं. नाशिकला माझा बारावीतला भाचा मोबाइलवर गोळीबाराचा एक खेळ खेळतो. त्याने ३९९ रुपयांचा पोशाख घेतला, पैसे यूपीआयने गेले, पोशाख आला नाही.

"मामा, किती वेळा लिहिलं. रोबोटच उत्तर देतो."

"काय लिहिलंस?"

त्याने दाखवलं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत खेळाला शिव्या आणि आठ उद्गारचिन्हं.

"यात तू कोण आहेस ते कुठाय?"

"त्यांना माहीत असणार ना!"

मग त्याच्या आजीच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही ते परत लिहिलं. खेळातला ओळखक्रमांक. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक. तारीख आणि वेळ, भारतीय प्रमाणवेळ असं स्पष्ट सांगून. फोनचं मॉडेल, अ‍ॅपची आवृत्ती. बँकेच्या संदेशाचा स्क्रीनशॉट आणि रिकाम्या कपाटाचा स्क्रीनशॉट. शेवटी एक वाक्य: पोशाख द्या किंवा पैसे परत करा. भाचा म्हणाला, "हे पोलिसांत फिर्याद दिल्यासारखं वाटतंय." त्या आठवड्यात पोशाख आला.

तक्रार वाचणाऱ्या माणसाची बाजू लक्षात घेतली तर यात जादू नाही. त्याच्यासमोर रांग असते. ज्या तक्रारीत ओळख नाही, वेळ नाही, ती यंत्रच परतवतं. ज्या तक्रारीत बिघाड पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या असतात, ती विकसकापर्यंत जाते, कारण त्याला दिसल्याशिवाय तो दुरुस्त करू शकत नाही. एकाच बिघाडाच्या पन्नास नेमक्या नोंदी आल्या की त्याचा क्रम वर सरकतो.

आणि त्या रांगेपलीकडे माणूस असतो, हे विसरणाऱ्यांनी बाकीच्यांचं फार नुकसान केलं आहे. 'डेस्टिनी २'च्या बंगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला एका माणसाने वंशद्वेषी शिव्या आणि धमक्या देऊन भंडावलं. बंगीने खटला भरला आणि २०२३मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्याला जवळपास पाच लाख डॉलर द्यायला लावले. त्याआधीच, २०२२मध्ये, छळाच्या प्रकारांमुळे आपण खेळाडूंशी उघड बोलणं कमी केल्याचं बंगीने सांगितलं होतं. 'हेलडायव्हर्स'च्या वादात खेळाडूंना नकारात्मक अभिप्राय लिहायला सुचवणाऱ्या कम्युनिटी मॅनेजरची नोकरी गेली. आपलं म्हणणं आत नेणारा जो एकमेव माणूस असतो, दोन्हीकडून मार खाणारा तोच.

भारतीय खेळाडूची मोठी तक्रार बरीच वर्षं एकच होती: सर्व्हर लांब आहे. 'व्हॅलोरंट' २ जून २०२०ला आला तेव्हा इथली मंडळी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत. गोळी आपण आधी मारायची आणि मरायचंही आपणच. खेळ बनवणाऱ्या रायटने त्याच वर्षी मुंबईत सर्व्हर सुरू केले. केवळ मागणीमुळे, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. खेळणाऱ्यांचा आकडा दिसला म्हणून. पण आकडा दिसायला लोकांनी खेळत राहावं लागतं आणि मागणीही चालू ठेवावी लागते. पुण्यात सुपरगेमिंगसारख्या कंपनीने 'इंडस' बनवला तेव्हा अंतर आणखी कमी झालं: खेळ घडत असतानाच्या चाचण्यांमध्ये इथलाच खेळाडू बसलेला होता, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची तो माणूस कदाचित एफसी रोडवर चहा पीत असायचा.

कायद्याचाही थोडा आधार आहे. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो; तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निपटारा ठरलेल्या मुदतीत. पैसे गेले आणि माल आला नाही असा मामला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक चालतो. ऑगस्ट २०२५चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा मात्र पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्टला मान्यता देणारा आहे. बंदुकीची गोळी नीट लागत नाही याचं त्याला काही नाही.

खेळच बंद केला तर? युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतींचा खेळ २०१४मध्ये लोकांनी पैसे देऊन घेतला. तो एकट्याने खेळायचा म्हटलं तरी सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि घेतलेला खेळ निकामी झाला. रॉस स्कॉट या यूट्यूबवरच्या अमेरिकन माणसाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी बेताची: सर्व्हर कायम चालवा असं नाही, बंद करताना खेळ खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपीय संघात नागरिकांच्या पुढाकाराची तरतूद आहे. वर्षभरात दहा लाख सह्या आणि किमान सात देशांत ठरलेला कोटा. युरोपीय संघाचा नागरिक नसल्यामुळे स्कॉटला स्वतःला सही करता येत नव्हती. मोहीम बराच काळ रडतखडत चालली आणि मुदत संपायच्या महिन्यात, जुलै २०२५मध्ये, दहा लाखांच्या पलीकडे गेली. उद्योगाच्या संघटनेने खर्च आणि सुरक्षिततेचे आक्षेप घेतले. ते सगळेच बिनबुडाचे नाहीत.

या गदारोळात युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलं की 'द क्रू २' आणि 'मोटरफेस्ट' सर्व्हरशिवाय खेळता येतील अशी सोय करू. पहिल्या 'द क्रू'साठी काही नाही. तो सप्टेंबर २०२५मध्ये चाहत्यांच्या एका गटाने स्वतःच सर्व्हर लिहून पुन्हा चालू केला.